घरातल्या हवेचा हिशेबनीस : मॅक्स फॉन पेटेनकोफर

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत आपण सर्वांनीच केलेला असतो. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, एवढा निष्कर्ष वहीत उतरवून आपण मोकळे होतो. परंतु पोरखेळ वाटणारा हाच प्रयोग हाती घेऊन, त्याला मापाची शिस्त लावून, एका माणसाने चार भिंतींत कोंडलेल्या हवेचा पद्धतशीर हिशेब मांडला. माणूस राहतो त्या खोलीत ताजी हवा किती येते, किती यायला हवी, आणि ती कमी पडत असेल तर ओळखायचे कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने आकड्यांत दिली. त्या माणसाचे नाव मॅक्स फॉन पेटेनकोफर. आरोग्यशास्त्र हा वैद्यकाचा स्वतंत्र विषय म्हणून जर्मन विद्यापीठांत उभा राहिला, तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

मी रसायनशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे या नावाशी माझी पहिली ओळख प्रयोगशाळेतली. पित्तातील आम्ले ओळखण्यासाठी साखर आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरून जांभळट तांबडा रंग आणण्याची जी चाचणी आहे, ती पेटेनकोफरांच्या नावाने ओळखली जाते. फळ्यावर हे नाव लिहिताना वर्गातून एकदा प्रश्न आला, की सर, हा माणूस होता तरी कोण? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला जे चरित्र सापडले, ते पित्तापेक्षा हवेचे अधिक होते. तेच येथे थोडक्यात सांगतो.

३ डिसेंबर १८१८ रोजी बव्हेरियातील लिश्टेनहाइम या खेड्यात मॅक्सचा जन्म झाला. डॅन्यूब नदीच्या दक्षिणेचा हा दलदलीचा मुलूख. बाप शेतकरी, घरात आठ मुले आणि मॅक्स त्यांतला पाचवा. घरची ओढाताण पाहून म्यूनिकच्या राजवाड्यात औषधनिर्माता असलेल्या चुलत्याने त्याला शिक्षणासाठी आपल्याकडे नेले. चुलता निपुत्रिक; पुढेमागे हा पोरगा आपली गादी चालवील, असा त्याचा हिशेब. पोरगा हुशार होता, पण मानी होता. औषधशाळेत उमेदवारी करताना चुलत्याने एकदा श्रीमुखात भडकावली आणि मॅक्स घर सोडून निघून गेला. तो गेला थेट रंगभूमीवर! पेटेनकोफर या आडनावाचे शेपूट तोडून ‘टेनकोफ’ या नावाने त्याने नाटकांतून कामे केली. नट म्हणून काही त्याचे नाव झाले नाही. नात्यातल्याच हेलेना नावाच्या मुलीवर त्याचे मन जडले होते. तिने त्याला अट घातली, की अभ्यासाला परत लागशील तर लग्न करीन. आपल्याकडच्या कादंबरीत शोभावा असा हा प्रसंग, पण फळ मात्र खरेखुरे मिळाले. मॅक्स परतला, १८४३ साली औषधशास्त्र आणि वैद्यक अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि १८४५ साली हेलेनाशी त्याचे लग्न झाले.

यापुढचे पेटेनकोफर हे विद्वान गृहस्थ. गीसेनला त्या काळचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. मूत्रातून एक नवा पदार्थ त्यांनी वेगळा केला. त्याला पुढे लीबिग यांनी क्रिएटिनिन हे नाव दिले. मूत्रपिंडाचे काम नीट चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी आज प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबोरेटरीत जो आकडा काढतात, तो याच क्रिएटिनिनचा. म्यूनिकला परतल्यावर प्राध्यापकाची जागा नव्हती, म्हणून त्यांनी टांकसाळीत नोकरी धरली आणि जुन्या चांदीच्या नाण्यांतून सोने व प्लॅटिनम वेगळे काढण्याची रीत बसवली. १८४७ साली विद्यापीठात जागा मिळाली. १८५० साली मूलद्रव्यांच्या तुल्यभारांत एक नियमित अंतर दिसते असा निबंध त्यांनी वाचला. मेंडेलीव्हचे कोष्टक त्यानंतर १९ वर्षांनी आले. त्याच वर्षी चुलता वारला आणि राजवाड्याची औषधशाळा खरोखरच त्यांच्याकडे आली.

या राजवाड्यानेच त्यांना हवेच्या वाटेला लावले. बव्हेरियाचा राजा दुसरा मॅक्सिमिलियन याच्या वाड्यात खोल्या उबदार ठेवण्यासाठी शेगड्यांऐवजी गरम हवा सोडण्याची नवी व्यवस्था केली होती. त्या हवेने घसा कोरडा पडतो, अशी तक्रार निघाली. राजवैद्यांना आणि कारागिरांना कारण सांगता येईना, तेव्हा काम पेटेनकोफरांकडे आले. आता बरेवाईट मत देऊन सुटणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. त्यांच्या लक्षात आले, की बंद खोलीत तासाभरात बाहेरची हवा किती शिरते आणि आतली किती निघून जाते, हे माहीत झाल्यावाचून उबेबद्दल किंवा कोरडेपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही; आणि राहत्या घरांपुरते ते कोणीच नीट मोजलेले नव्हते.

मोजायचे कसे? हवेला रंग नाही, आणि वास असला तरी नाक पाच मिनिटांत त्याला सरावते. येथे त्यांनी शाळेतली ती निवळी घेतली. ठरावीक मापाच्या मोठ्या बाटलीत खोलीतली हवा भात्याने भरायची, त्यात मोजून चुन्याची निवळी किंवा बेरियम हायड्रॉक्साइडचे पाणी ओतायचे आणि बाटली हलवायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात शोषला जातो आणि तेवढा अल्क खर्ची पडतो. उरलेला अल्क किती, हे ऑक्झॅलिक आम्लाने टायट्रेशन करून काढायचे. या टायट्रेशनचा शेवट ओळखण्यासाठी पेटेनकोफर काय वापरत असत, हे वाचून मला मोठी मौज वाटली. ते वापरत हळदीचा कागद! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. कुंकू होते ते त्यानेच. म्यूनिकच्या प्रयोगशाळेत त्याच हळदीच्या साक्षीने हवा मोजली जात होती.

ही रीत हाती आल्यावर त्यांनी पुढची युक्ती केली. खोलीत मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि दार-खिडक्या लावून तो तासातासाला किती उतरतो ते मोजायचे. जितका झपाट्याने उतार, तितकी हवेची अदलाबदल अधिक. गणिती झायडेल यांनी त्यासाठी सूत्र मांडून दिले. हवापालट या शब्दाचा आपल्याकडे अर्थ महाबळेश्वरला जाणे असा होतो. पेटेनकोफरांनी खोलीचाच हवापालट मोजायला घेतला. राहत्या घरांतील हवेच्या अदलाबदलीवरचे त्यांचे पुस्तक १८५८ साली निघाले. त्यातले काही आकडे मुद्दाम देतो, कारण त्यांत सगळे मर्म आहे.

त्यांची अभ्यासाची खोली होती ७५ घनमीटरची, भिंती विटांच्या. कडाक्याच्या थंडीत, आतल्या आणि बाहेरच्या हवेत सुमारे २० अंश सेल्सिअसचा फरक असताना, खिडक्या बंद असूनही तासाला ७५ घनमीटर हवा बदलत होती. म्हणजे तासाभरात खोलीची सगळी हवा एकदा नवी होत होती. शेगडी पेटवली की धुराड्याच्या ओढीने हा आकडा ९४ वर गेला. दारा-खिडक्यांच्या फटी कागद आणि खळीने बुजवल्या तेव्हा तो ५४ वर आला. पण हवामान निवळले आणि आत-बाहेरचा फरक अवघा ४ अंशांवर आला, तेव्हा त्याच खोलीत तासाला फक्त २२ घनमीटर हवा बदलू लागली. मग त्यांनी खिडकी उघडली. तरीही आकडा गेला ४२ पर्यंतच!

वाचकहो, या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबा. हिवाळ्यात बंद खिडकीतून जेवढी हवा आली, तेवढीही हवा उबदार दिवसांत उघड्या खिडकीतून आली नाही. खिडकी ही वाट आहे. हवेला ढकलणारा जोर तापमानातल्या फरकाचा किंवा वाऱ्याचा. जोर नसेल तर वाट मोकळी असूनही हवा जागची हलत नाही. निसर्गावर सोडलेले वायुवीजन थंडीत नको तितके होते आणि निवांत हवेत हवे तेव्हा होत नाही. यंत्राने हवा खेळवण्याची गरज का पडते, याचे उत्तर १८५८ सालच्या या चार-पाच आकड्यांत आहे.

आता प्रश्न उरला तो हवा किती हवी याचा. पेटेनकोफरांनी वेगवेगळ्या जागांची हवा तपासली. भरलेल्या व्याख्यानगृहात दर हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३ भाग सापडले, आणि मुलामुलींनी गच्च भरलेल्या शाळेच्या खोलीत तर ७ पेक्षा जास्त. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण हजारी अर्ध्या भागाहूनही कमी असते. लोकांना कोठे बरे वाटते आणि कोठे कोंदटते हे ताडून पाहून त्यांनी रेघ ओढली, ती हजारी १ या प्रमाणावर. माणसांच्या श्वासाने खोलीतले प्रमाण याच्यावर चढले तर ती हवा सतत राहण्यास योग्य नाही, असा त्यांचा नियम. आजच्या भाषेत हे दशलक्ष भागांत १००० भाग.

या नियमात एक बारकावा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पेटेनकोफर समजत नाहीत. हजारी १ किंवा २ इतक्या कार्बन डायऑक्साइडने माणूस विषबाधा होऊन पडत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तो वायू त्यांनी गुन्हेगार म्हणून धरला नव्हता. साक्षीदार म्हणून उभा केला होता. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून हवेत काय काय मिसळते, ते सगळे मोजणे अशक्य होते. पण त्या सगळ्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड ठरावीक प्रमाणात बाहेर पडतो आणि तो मोजता येतो. म्हणून तो वाढलेला दिसला की बाकीचेही साठले आहे, असे समजावे.

यावरून हवेची गरज कोणालाही काढता येते. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत हजारी ०.४ धरले, तर रेघेपर्यंत उरते ०.६. वीस लिटर वायू या प्रमाणात विरळ करायला तासाला सुमारे ३३ घनमीटर ताजी हवा लागते. पेटेनकोफर स्वतः याहून उदार होते. माणशी तासाला ६० घनमीटर असावी असे त्यांचे मत पडले.

पण हवा भरपूर खेळवली की सगळे भागले, असेही ते मानत नव्हते. खोलीत उकिरडा साचला असेल तर तो आधी उचलून बाहेर टाकावा, वाऱ्याने त्याची घाण उडवून लावण्याच्या भानगडीत पडू नये, असे ते बजावत. आधी घाणीचे मूळ काढावे, आणि जे काढताच येत नाही, म्हणजे माणसाचे असणे, त्याच्यासाठी हवा द्यावी, हा त्यांचा क्रम.

नव्या घरांविषयी त्यांना विशेष काळजी होती. विटा बांधताना भिजवाव्या लागतात, चुन्याच्या गिलाव्यात पाणी असते. एका बऱ्यापैकी नव्या घराच्या भिंतींत मिळून हजारो लिटर पाणी कोंडलेले असते, हा हिशेब ते व्याख्यानांतून मांडत. हे सगळे पाणी हवेवाटेच बाहेर पडायचे. ते पडेपर्यंत घर गार, ओले आणि बुरशीला आमंत्रण देणारे. त्या काळी बर्लिनसारख्या शहरांत अशी ओली नवी घरे गोरगरिबांना अल्प भाड्याने देत. त्यांनी आपल्या अंगाच्या आणि चुलीच्या उबेने भिंती सुकवायच्या, आणि घर सुकले की बाडबिस्तरा उचलून पुढच्या ओल्या घरात जायचे! सुकवणारे भाडेकरू असे नावच या लोकांना पडले होते. घरातली हवा हा किती मोठा सामाजिक प्रश्न होता, हे यावरून दिसावे.

राजाच्या मदतीने १८६० च्या सुमारास त्यांनी एक विलक्षण उपकरण उभारले. एक छोटी बंदिस्त खोली, आत पलंग, टेबल, खुर्ची. वाफेच्या यंत्रावर चालणारे पंप त्या खोलीतून सतत हवा ओढीत. किती हवा गेली ते मीटर सांगे आणि तिचा नमुना बाजूला काढून तपासला जाई. आत माणूस दिवसभर खाई, वाचे, झोपे. कार्ल फॉइट यांच्याबरोबर त्यांनी या खोलीत माणसाचे शरीर अन्न कसे जाळते याचा अभ्यास केला आणि आहारशास्त्राचा पाया घातला. मला मात्र त्या खोलीत आणखी काही दिसते. ठरावीक हवा यंत्राने खेळवून, मोजून घेतलेली अशी ती राहती खोलीच होती.

१८६५ साली ते म्यूनिकला आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८७९ साली त्यांच्या देखरेखीखाली या विषयाची स्वतंत्र संस्था उघडली. शहराचे आरोग्य हा दानधर्म नसून पैशाच्या भाषेतही फायद्याचा व्यवहार आहे, हे त्यांनी नागरिकांना जाहीर व्याख्यानांतून पटवले. म्यूनिकमध्ये भुयारी गटारे झाली, १८८३ साली डोंगरातल्या मांगफाल खोऱ्यातून स्वच्छ पाणी आले आणि विषमज्वराने कुप्रसिद्ध झालेले ते शहर निरोगी म्हणून नावाजले गेले.

येथवर चरित्र सरळ चालते. पुढे त्याला जे वळण लागले त्यामुळेच मला हा माणूस विचार करण्याजोगा वाटतो. पेटेनकोफर १८५४ पासून पटकीचा अभ्यास करीत होते. त्या साथीत ते स्वतःही आजारी पडले होते. पटकीचे बीज माणसाबरोबर येत असले तरी ते जमिनीत, भूजल उतरल्यावर उरलेल्या ओलीत पिकल्याशिवाय रोग करीत नाही, असे त्यांचे मत बनले. पिण्याच्या पाण्यातून रोग पसरतो हे त्यांना मान्य नव्हते. या मताचा धागा आपल्या देशापर्यंत आला आहे. १८६८ साली लुईस आणि कनिंगहॅम हे दोन तरुण डॉक्टर पटकीच्या संशोधनासाठी हिंदुस्थानात येण्यापूर्वी म्यूनिकला पेटेनकोफरांकडे शिकून आले. व्यापाराला क्वारंटाइनचा अडथळा नको असलेल्या येथल्या इंग्रज सरकारला जमिनीची उपपत्ती सोयीचीही वाटली. पण १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला. १८९२ साली हँबुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे नेली. जेथे एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पुरवले जात होते तेथेच साथ फोफावली. शेजारच्या आल्टोनात पाणी गाळून देत होते, ते बचावले.

तरी वृद्ध पेटेनकोफर मानायला तयार नव्हते. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जंतूंनी भरलेले द्रावण साक्षीदारांसमक्ष पिऊन टाकले. जठरातल्या आम्लाने जंतू मेले असे कोणी म्हणू नये म्हणून आधी सोडा घेतला. त्यांना काही दिवस किरकोळ जुलाब झाले, एवढेच. आपला सिद्धांत सिद्ध झाला असे त्यांना वाटले. जगाने त्यांच्या धैर्याला मान दिला, पण सिद्धांत स्वीकारला नाही. एका माणसाचे वाचणे म्हणजे पुरावा नव्हे, ही गोष्ट शेकडो बाटल्या हलवून एकेक आकडा काढणाऱ्या या शास्त्रज्ञाला एरवी सांगावी लागली नसती.

हवेच्या बाबतीतही त्यांची एक समजूत अशीच निसटली. फटी बुजवूनही तासाला ५४ घनमीटर हवा बदलत होती, तेव्हा ती विटांच्या भिंतींतून झिरपत असली पाहिजे असे त्यांनी धरले. विटेच्या दोन बाजूंना नळ्या लावून, बाकीचे सारे मेणाने लिंपून, एका बाजूने फुंकून दुसऱ्या बाजूची मेणबत्ती ते विझवून दाखवीत. प्रेक्षक थक्क होत. भिंती श्वास घेतात हा समज जर्मनीत त्यामुळे खोल रुजला. पुढे १९२० च्या दशकात भिंतींची पारगम्यता नीट मोजली गेली तेव्हा दिसले, की गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा अगदीच क्षुल्लक असते. पेटेनकोफरांच्या खोलीतली हवा न बुजलेल्या सांध्यांतून आणि फटींतून जात असली पाहिजे. तोंडाने जोर लावून फुंकलेली हवा आणि वाऱ्याने भिंतीवर येणारा हलका दाब यांत फार अंतर आहे. आकडा खरा होता, त्याचा लावलेला अर्थ चुकला होता.

उतारवय दुःखाचे गेले. पाच मुलांपैकी तिघे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १८९० साली हेलेना गेली. १८९४ साली त्यांनी अध्यापन सोडले. मानमरातब भरपूर मिळाले, बव्हेरियन अकादमीचे अध्यक्षपदही १८९९ पर्यंत त्यांच्याकडे होते, पण आजारपण आणि खिन्नता यांनी त्यांना घेरले. १० फेब्रुवारी १९०१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, म्यूनिकमध्ये त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. इतरांच्या श्वासाची एवढी काळजी वाहणाऱ्या माणसाचा हा शेवट वाचताना मन जड होते.

पटकीची उपपत्ती गेली, श्वास घेणाऱ्या भिंती गेल्या. श्वासातच काही गूढ विष असते हा त्या काळचा समजही १९०५ साली फ्ल्यूगे आणि त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगांनी मोडीत काढला. गर्दीत जीव घाबरतो तो मुख्यतः उष्मा आणि दमटपणा यांमुळे, असे त्यांनी दाखवले. मग उरले काय? उरली ती मोजपट्टी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत इंधन वाचवण्यासाठी घरे घट्ट बंद करण्याची लाट आली. पेटेनकोफरांच्या खोलीत फटींनी जे काम फुकट केले होते, ते बंद पडले. आजच्या घट्ट बांधणीच्या जर्मन घरात खिडक्या लावल्यावर तासाला हवेचा जेमतेम दहावा हिस्सा आपोआप बदलतो. उरतात ओल, बुरशी, प्लायवुडमधून निघणारे फॉर्माल्डिहाइड आणि रंगांचे वास. म्हणून तेथे २००९ च्या मानकापासून नव्या घराचा आराखडा करतानाच वायुवीजनाचा विचार मांडावा लागतो. बऱ्याच घरांत यंत्र बसवतात. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहवतात. हवा मिसळत नाही, ऊब मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक परत मिळते. डार्मस्टाट येथे १९९१ साली बांधलेल्या अशा घरांनी ही रीत रूढ केली. यंत्राची गाळणी वेळेवर बदलली नाही किंवा पंख्याच्या आवाजाला कंटाळून ते बंद ठेवले, तर अर्थातच सगळे व्यर्थ. आणि खोलीची हवा ठीक आहे की नाही हे ठरवताना जर्मन तज्ज्ञ समितीने २००८ साली जी मर्यादा सांगितली, ती पुन्हा तीच. दशलक्ष भागांत १००० पर्यंत चिंता नाही, २००० च्या पुढे मुळीच चालणार नाही. कोविडच्या साथीत वर्गावर्गांतून जे छोटे मापक लावले गेले, तेही याच साक्षीदाराची जबानी घेत होते.

आमच्या भागातल्या नव्या फ्लॅटांत थंडीचा प्रश्न जर्मनीसारखा नाही, पण हिशेब तोच लागतो. जुन्या घरांच्या कौलांतून आणि झरोक्यांतून हवा आपली वाट काढी. आता झरोका गेला, सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, आणि डासांसाठी, धुळीसाठी, एसीसाठी त्या बंद राहू लागल्या. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणीत नाही. तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. मी सहज गणित मांडून पाहिले. बारा फूट बाय दहा फूट, उंची दहा फूट, अशी झोपण्याची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. झोपलेली दोन माणसे मिळून तासाला सुमारे २६ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली अगदी घट्ट असेल तर तासाला हजारी पाऊण भागाने वाढ. बाहेरची हवाच आज हजारी ०.४२ च्या वर आहे. पेटेनकोफरांच्या काळी ती ०.२९ च्या आसपास होती. म्हणजे पाऊण तासात त्यांची रेघ ओलांडली जाते आणि रात्र तर पुढे सगळी असते. फटींमुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी होईल; किती कमी, ते मोजल्यावर कळेल.

उकिरड्याचा नियमही येथे तसाच लागू आहे. नव्या फर्निचरचा आणि रंगाचा वास उतरेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ओल का येते ते शोधून दुरुस्त करावी, स्वयंपाकघरातल्या पंख्याला हवा आत यायची वाट ठेवावी, आणि बंद न्हाणीघरात गॅस गिझर कदापि लावू नये. तेथे तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा साक्षीदार नव्हे, तो मारेकरी आहे.

म्यूनिकमध्ये पेटेनकोफरांच्या नावाची संस्था आजही काम करते आणि शहरात त्यांचा पुतळा आहे. आपल्या प्रयोगशाळेत बेरियम हायड्रॉक्साइड आहे, ऑक्झॅलिक आम्ल आहे, आणि हळद तर कोणाच्याही घरी मिळेल. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी येत्या सत्रात एखाद्या गच्च भरलेल्या तासाच्या आधी आणि नंतर आपल्या वर्गाची हवा बाटलीत भरून आणावी. येणारा आकडा प्राध्यापकांना आवडेल की नाही ते सांगता येत नाही, पण तो फळ्यावर लिहायला मी तयार आहे.